देखरेख : पाळत आणि निगा

दुसऱ्यावर अथवा दुसऱ्याच्या कामावर नजर ठेवण्यासाठी आपल्या मराठीत शब्दांची वाण नाही. शेताची राखण करतात, खजिन्यावर पहारा बसवितात, शाळेची तपासणी होते, संशयितावर पाळत ठेवतात, आजाऱ्याची निगा राखतात आणि बांधकामावर देखरेख करतात. वरवर पाहिले तर या सर्व शब्दांतील क्रिया एकच आहे. एक माणूस काम करतो अथवा वागतो, आणि दुसरा पाहतो. परंतु 'पाळत' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे दाराआड उभा असलेला माणूस येतो, आणि 'निगा' म्हणताच उशाशी बसलेला. विशेष हे की, 'निगा' हा शब्द फारसीतील 'निगाह' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ नुसती नजर एवढाच आहे. पाहुणी म्हणून आलेली ही नजर मराठीच्या घरात राहिली आणि काळजी होऊन बसली.

आम्हा ख्रिस्ती मंडळींत ज्यांना महागुरुस्वामी म्हणतात, त्या बिशपांच्या पदनामाची कथाही अशीच आहे. 'एपिस्कोपोस' हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ देखरेख करणारा. मात्र त्यांच्या हाती जो दंड असतो, तो मेंढपाळाच्या काठीचा. देखरेख करणाऱ्याच्या हातात काठी असावी की नसावी, हा वाद जुना आहे. मला वाटते, काठी कळपाच्या बाजूने धरली आहे की कळपाच्या विरुद्ध, एवढेच पाहावयाचे असते.

'देखरेख' हा शब्द पाळत आणि निगा या दोहोंच्या मधोमध उभा आहे. तो केव्हा एका बाजूस झुकतो आणि केव्हा दुसऱ्या, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या सिकंदराबादेत आणि आसपासच्या मुलखात याचे पुष्कळ दाखले सापडतात.

सिकंदराबाद हे आगगाडीचे शहर. वाडीहून येथवर रूळ येऊन पोचले ते 1874 साली, निजामाच्या अमदानीत. पुढे 2 ऑक्टोबर 1966 रोजी दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि तिचे मुख्यालय येथे झाले. मराठवाड्यातील नांदेड विभागाचा कारभारही याच मुख्यालयाशी जोडलेला आहे. एवढ्या मोठ्या पसाऱ्याची देखरेख कोण करतो, असे विचारले तर आपण मोठमोठ्या अधिकाऱ्यांची पदे सांगू. वस्तुतः या देखरेखीचा आरंभ होतो तो रुळांवरून पायी चालणाऱ्या एका साध्या माणसापासून. रेल्वेच्या भाषेत त्याला कीमन म्हणतात. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन तो आपल्या वाट्याचा टप्पा रोज पायी तपासतो. रूळ जागच्या जागी धरून ठेवणारी एखादी पकड निसटली आहे काय, एखादा बोल्ट सैल झाला आहे काय, सांध्याला तडा गेला आहे काय, हे पाहात तो जातो आणि हाताने दुरुस्त होण्यासारखे असेल ते तेथल्या तेथे दुरुस्त करतो.

पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. गस्तवाल्याजवळ कंदील, शिटी आणि धोक्याचे फटाके असतात. मार्ग खचलेला दिसला तर त्याने तो तसाच सोडून साहेबाला कळवावयास धावावयाचे नसते. प्रथम येणारी गाडी थांबवावयाची. त्यासाठी मोठ्या मार्गावर सहाशे मीटरांवर एक आणि बाराशे मीटरांवर तीन फटाके रुळांवर बसवावयाचे, असा नियम आहे. चाकाखाली फटाका वाजला की चालकाला इशारा मिळतो. एका टप्प्याचा गस्तवाला दुसऱ्या टप्प्याच्या गस्तवाल्यास मधल्या ठिकाणी भेटतो आणि दोघे आपापल्या वह्यांची अदलाबदल करतात. स्थानकापाशी स्टेशनमास्तर त्या वहीवर सही करतो. वही फिरत राहिली म्हणजे माणूसही चालला, असा तो पुरावा असतो.

या देखरेखीचे एक लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे. तिच्यात गुन्हेगार कोणीच नाही. रूळ काही लबाडी करीत नाही आणि पाऊस काही कट रचीत नाही. जे बिघडू शकते ते बिघडण्यापूर्वी दिसावे, एवढाच तिचा हेतू आहे. शेतातील माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदारही पिकाकडे संशयाने पाहात नसतो. त्याची नजर पिकावर येणाऱ्या पाखरांकडे असते. देखरेखीचा हा पहिला अर्थ झाला. ज्याची देखरेख करावयाची, त्याच्या बाजूने उभे राहून त्याच्यावर येणाऱ्या संकटाकडे पाहणे.

परंतु नजर ठेवूनही संकट येते. 2 सप्टेंबर 1956 रोजी, त्या वेळच्या हैदराबाद राज्यात, जडचर्ला आणि महबूबनगर यांच्या दरम्यान पुराने एक पूल खचला आणि प्रवाशांची गाडी कोसळली. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लालबहादूर शास्त्री तेव्हा रेल्वेमंत्री होते. त्यांनी राजीनामा देऊ केला. पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 23 नोव्हेंबरला, मद्रास राज्यात अरियलूरजवळ तशीच पुराने वाट तोडली आणि पुन्हा शंभराहून अधिक प्रवासी दगावले. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला आणि या वेळी तो स्वीकारला गेला.

आता कोणी म्हणेल, मंत्री काय पुलाखाली उभे राहून पाणी मोजणार होते? मोजणार नव्हते, हे खरेच. दिल्लीत बसलेल्या माणसाला महबूबनगरच्या ओढ्याचे पाणी दिसणे शक्य नव्हते. परंतु देखरेखीची साखळी गस्तवाल्यापासून सुरू होऊन ज्याच्यापाशी संपते, तो त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला नुसता बसलेला नसतो, तिला बांधलेला असतो. खालच्याने चूक केली म्हणून वरचा सुटला, असे ज्या व्यवस्थेत होते, तेथे वरच्याची देखरेख कधी नव्हतीच. त्याचा केवळ अधिकार होता. अधिकार आणि देखरेख यांतील हा भेद शास्त्रीजींनी आपल्या वागणुकीने स्पष्ट केला. देखरेख करणे म्हणजे दुसऱ्याच्या कामाच्या परिणामात स्वतःचा वाटा मान्य करणे. हा दुसरा आणि माझ्या मते मुख्य अर्थ होय.

राजीनाम्याने पूल दुरुस्त होत नाहीत, हेही तितकेच खरे. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 29 ऑक्टोबर 2005 रोजी, रेपल्लेहून सिकंदराबादेकडे येणारी डेल्टा पॅसेंजर नलगोंडा जिल्ह्यातील वलिगोंडाजवळ पहाटेच्या वेळी वाहून गेलेल्या पुलापाशी कोसळली. तेथेही शंभराहून अधिक बळी गेले. अतिवृष्टीत वरच्या अंगाचे तलाव फुटून त्यांचे पाणी लोहमार्गावर आले होते. तेलंगण ही तलावांची भूमी आहे. तलाव रेल्वेच्या हद्दीत नाहीत, त्यांच्या बंधाऱ्यांवर रेल्वेची सत्ता नाही. पण बंधारा फुटला तर पाणी हद्दीची खूण पाहून थांबत नाही. अशा तलावांची नोंद ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी रेल्वेच्या व राज्य सरकारच्या अधिकाऱ्यांनी त्यांची एकत्र पाहणी करावी, अशी पद्धत या कारणासाठीच ठरलेली आहे. जेथे दोन खात्यांच्या सीमा भिडतात, तेथे प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहात असेल. दोघांच्या मधली जागा ही बहुधा कोणाचीच नसते, आणि संकटाला नेमकी तीच ठाऊक असते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना कोकण रेल्वेची आठवण येथे होईल. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीला अपघात झाला आणि सुमारे पन्नास प्रवाशांना प्राण गमवावे लागले. त्या मार्गावर डोंगरउतारांना जाळ्या बसविणे, पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणे, धोक्याच्या जागी पहारेकरी नेमणे आणि पावसाळ्यापुरते गाड्यांचा वेग कमी करून निराळे वेळापत्रक लावणे, असे उपाय चालू आहेत. वेळापत्रक बदलणे हीसुद्धा देखरेखच आहे. आपल्या डोळ्यांना मर्यादा आहेत हे ओळखून वेग तेवढा कमी करणे, यात मोठा शहाणपणा आहे.

आता तिसरा प्रश्न. देखरेख करणाऱ्यावर देखरेख कोणाची? कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोठे मागावयाची, ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच घडविली असणार. या बाबतीत आगगाडीच्या इतिहासात एक बोधप्रद निर्णय सापडतो. लोहमार्गांची सुरक्षितता तपासणारे सरकारी निरीक्षक पूर्वी रेल्वे बोर्डाच्याच अधीन होते. ज्याचे काम तपासावयाचे, त्याच्याच हाती आपली बढती आणि बदली, अशी ही स्थिती होती. 1939 साली एका समितीने या गोष्टीवर बोट ठेवले. पुढे मे 1941 मध्ये हे निरीक्षक रेल्वे बोर्डापासून वेगळे काढून टपाल व हवाई खात्याकडे देण्यात आले. आज त्यांना रेल्वे सुरक्षा आयुक्त म्हणतात आणि ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. दक्षिण मध्य मंडळाच्या आयुक्तांचे कार्यालय आमच्या सिकंदराबादेतच आहे. नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करावयाचा तर आधी त्यांनी तो तपासून मान्यता द्यावी लागते, आणि गंभीर अपघाताची चौकशीही तेच करतात.

आगगाडीची तपासणी करणारा माणूस विमानाच्या खात्यात का, असे ऐकणाऱ्यास प्रथम नवल वाटते. पण त्यातील मर्म साधे आहे. पाहणाऱ्याची भाकर ज्याच्या हातात, त्याच्याकडे तो सरळ पाहू शकत नाही. सहकारी संस्थेचा हिशेबतपासनीस असो, धान्याच्या गोदामाचा निरीक्षक असो, वा बांधकामाचा दर्जा पाहणारा अभियंता असो, त्याची नजर मोकळी राहील अशी व्यवस्था आधी करावी लागते. माणसाच्या सचोटीवर विश्वास ठेवावा. पण तिच्यावर नित्य ओझे टाकू नये.

वरून होणारी देखरेख आपल्या परिचयाची आहे. शेजारून होणारी देखरेख मात्र आपल्या ध्यानात येत नाही. आगगाडीच्या इंजिनात चालक आणि त्याचा साहाय्यक असे दोघे असतात. समोर सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने उच्चारावा आणि दुसऱ्याने स्वतः पाहून तो पुन्हा उच्चारावा, असा नियम आहे. चालक अनुभवी आहे म्हणून साहाय्यकाने गप्प बसावयाचे नाही, आणि साहाय्यक वयाने लहान आहे म्हणून चालकाने राग मानावयाचा नाही. येथे कोणी कोणाचा साहेब म्हणून पाहात नाही. चार डोळ्यांपैकी दोन चुकले तरी दोन उरावेत, एवढाच विचार त्यामागे आहे. घरात पतिपत्नींनी, शाळेत शिक्षकांनी, रुग्णालयात डॉक्टर व परिचारिका यांनी परस्परांवर अशी प्रेमाची देखरेख ठेवली, आणि मान दुखावला न जाता 'हे पुन्हा पाहा' असे म्हणता आले, तर कितीतरी अनर्थ टळतील.

यंत्रही आता देखरेखीच्या कामात उतरले आहे. सिग्नलचे शास्त्र शिकविणारी रेल्वेची संस्था सिकंदराबादेत 1957 पासून आहे, आणि 'कवच' नावाच्या स्वदेशी यंत्रणेच्या चाचण्याही याच दक्षिण मध्य रेल्वेवर झाल्या. चालकाने धोक्याचा सिग्नल ओलांडला किंवा एकाच मार्गावर समोर दुसरी गाडी आली, तर ही यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. 4 मार्च 2022 रोजी विकाराबादच्या मार्गावर गुल्लागुडा व चिटगिड्डा या स्थानकांच्या दरम्यान तिचे प्रात्यक्षिक झाले. रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात होते, आणि समोरच्या इंजिनापासून 380 मीटर अंतरावर त्यांचे इंजिन आपोआप थांबले. ज्याने यंत्रणेला मान्यता द्यावयाची त्यानेच तिच्या भरवशावर आपला जीव टाकावा, हे देखरेखीच्या दृष्टीने योग्यच झाले.

परंतु यंत्राच्या नजरेची मर्यादाही जाणून असावे. गस्तवाल्याजवळ आता उपग्रहाच्या साहाय्याने त्याची जागा दाखविणारे एक छोटे यंत्र दिले जाते. तो कोठून कोठपर्यंत चालला, कोठे थांबला, किती वेळ थांबला, हे कार्यालयात बसून समजते. त्याला मध्येच काही झाले तर मदत पोचविण्यास त्याचा उपयोग आहे, हे निःसंशय. पण तो चालला हे यंत्र सांगते. त्याने पाहिले काय, हे यंत्र सांगत नाही. जेथे पावलांचा हिशेब घेतला जातो आणि नजरेची कदर होत नाही, तेथे माणसे पावले पुरी करावयास शिकतात. म्हणून वरिष्ठाने अधूनमधून त्या माणसाबरोबर रुळांवरून चालावे, त्याला काय दिसले ते विचारावे, आणि त्याने सांगितलेला सैल बोल्ट वेळेवर बदलून द्यावा. ज्याचे सांगणे कोणी ऐकत नाही, त्याचे पाहणे फार दिवस टिकत नाही.

लोहमार्ग सोडून आपण आता रुग्णाच्या खाटेकडे वळू. क्षयरोगावर प्रभावी औषधे नव्हती तेव्हा रोग्याला आरोग्यधामात ठेवीत. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांवर असे एक आरोग्यधाम होते. डोंगरावरची हवा, सकस अन्न, विश्रांती आणि डॉक्टरांची रोजची फेरी, हे त्या उपचाराचे स्वरूप. पुढे औषधे आली. 1956 साली मद्रासेत सुरू झालेल्या संशोधन केंद्राने एक प्रयोग केला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या गरीब घरांतच ठेवून औषधे दिली. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा घरी राहिलेले रोगीही आरोग्यधामातील रोग्यांच्या बरोबरीने बरे झाल्याचे दिसून आले. खाटांची वाट पाहात मरणाऱ्या देशाला हा केवढा दिलासा होता!

मात्र त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. उपचार कित्येक महिन्यांचा; आणि दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात बळ आले की मनुष्य गोळ्या सोडून देतो. अर्धवट उपचाराने रोग उलटतो व औषधांना दाद देईनासा होतो. तेव्हा प्रत्येक मात्रा कोणाच्या तरी देखत घ्यावी, ही कल्पना मद्रासच्या त्याच केंद्रात पुढे आली आणि आठवड्यातून दोनदा, समक्ष औषध देण्याच्या पद्धतीचा तेथे अभ्यास झाला. भारत सरकारने 1997 पासून 'डॉट्स' या नावाने समक्ष औषध देण्याची पद्धत देशभर नेण्यास आरंभ केला.

या पद्धतीवर आक्षेपही आले, आणि ते विचारात घेण्यासारखे होते. रोजमजुरी करणाऱ्याने एका गोळीसाठी आठवड्यातून तीन वेळा केंद्रावर यावयाचे म्हणजे तेवढी मजुरी बुडावयाची. शेजाऱ्यापाजाऱ्यांस रोगाचा सुगावा लागावयाचा. शिवाय दुसऱ्यासमोर तोंड उघडून औषध गिळून दाखवावयाचे, यात प्रौढ माणसास कमीपणा वाटावयाचा. तात्पर्य, निगा राखावयास निघालेली योजना रोग्याला पाळतीसारखी वाटू लागली. कालांतराने हे नियम सैल झाले. घरातील एखादे माणूस किंवा विश्वासातला शेजारी यानेही हे काम करावे, अशी मुभा मिळाली. 2017 पासून रोजच्या मात्रेची पद्धत देशभर लागू झाली. वेष्टनाच्या आत लपलेला दूरध्वनी क्रमांक गोळी काढल्यावर दिसावा आणि रोग्याने त्यावर पैसे न पडणारी हाक देऊन नोंद करावी, अशी युक्तीही योजली गेली.

या साऱ्या खटाटोपातून एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. गोळी गिळण्यास कोणी पाहात आहे, एवढ्याने रोगी बरा होत नाही. आपल्या बरे होण्याची वाट कोणी पाहात आहे, असे वाटले की तो उपचार पुरा करतो. 'वाट पाहणे' आणि 'पाहणे' यांत आपल्या भाषेने एकाच शब्दाचे अंतर ठेवले आहे. ज्या आरोग्यसेविकेला रोगी चुकला तर चैन पडत नाही आणि जी संध्याकाळी त्याच्या दारी जाऊन 'भाऊ, आज आला नाहीत?' असे विचारते, तिच्या देखरेखीचा अपमान वाटत नाही.

बौद्धिक कार्यातील देखरेख आणखी नाजूक असते, आणि त्याचा जगप्रसिद्ध दाखला सिकंदराबादेचाच आहे. येथील बेगमपेठेत लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी सूक्ष्मदर्शकाखाली एका डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूच्या खुणा पाहिल्या. हुसेन खान नावाच्या रोग्याचे रक्त त्या डासाला पाजलेले होते, आणि डास चावू देण्याबद्दल त्या रोग्यास दर डासामागे एक आणा दिला होता. या शोधाच्या मार्गाबद्दल रॉस यांना 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रॉस यांच्यावर त्या काळात दोन प्रकारची देखरेख होती. एक लंडनहून पत्रांच्या द्वारे. पॅट्रिक मॅन्सन यांनी डासाचा व हिवतापाचा संबंध असावा ही कल्पना त्यांना दिली होती आणि ते सतत पत्रे लिहून त्यांना धीर देत होते. मॅन्सन यांचे सर्वच म्हणणे बरोबर नव्हते. डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असा त्यांचा कयास होता. तो चुकीचा ठरला. तरी चुकीच्या तपशिलासह त्यांची देखरेख उपकारक झाली, कारण शिष्याच्या डोळ्यांना जे दिसेल ते मानण्याची त्यांची तयारी होती. दुसरी देखरेख लष्करी वरिष्ठांची. ऑगस्टमध्ये शोध लागला आणि सप्टेंबरअखेर रॉस यांना येथून हलविण्याचा हुकूम निघाला. मुंबईमार्गे ते राजपुतान्यातील खेरवाडा येथे जाऊन पडले, आणि तेथे या अभ्यासास लागणारा हिवताप जवळजवळ नव्हताच. काम अर्ध्यावर राहिले. शेवटी मॅन्सन यांनीच लंडनमध्ये खटपट केली, तेव्हा 1898 साली कलकत्त्यास रॉस यांची विशेष नेमणूक झाली आणि पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्यांनी डासाच्या चाव्याची साखळी पुरी केली.

हुकूम काढणारे अधिकारी रॉस यांच्या जवळ होते, मॅन्सन हजारो मैल दूर होते. परंतु जवळच्यांना फक्त एक डॉक्टर दिसत होता आणि दूरच्याला त्याचे काम दिसत होते. आपल्या विद्यापीठांतील मार्गदर्शकांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विद्यार्थ्याची हजेरी घेणे सोपे असते. त्याच्या प्रश्नात स्वतः रमणे अवघड असते.

शेवटी माझ्या व्यवसायाकडे येतो. शाळेची तपासणी म्हटली की जुन्या पिढीला 'दिपोटी' आठवतात. वर्षातून एकदा दिपोटी यावयाचे, त्याच्या आदल्या आठवड्यात भिंतींना रंग लागावयाचा, हुशार मुले पुढच्या बाकांवर यावयाची, आणि तो दिवस पार पडला की शाळा पुन्हा आपल्या मूळपदावर यावयाची. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या रोगाचे अचूक निदान केले होते. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे, वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीचा फारसा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी एकदा तरी तपासणी व्हावी, आणि आगाऊ सूचना न देताही अधिकाऱ्यांनी शाळांना भेट द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. सूचना न देता जाणे म्हणजे पाळतच नव्हे काय, असे कोणी विचारील. फुले कोणाच्या बाजूने बोलत होते, हे पाहिले म्हणजे शंका उरत नाही. ज्या शेतकऱ्याच्या करातून शाळा चालते, त्याच्या मुलाला तेथे काही शिकवितात की नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. अचानक दिलेल्या त्या भेटीत काठी होती. पण ती कळपाच्या बाजूने धरलेली होती.

परीक्षेच्या दालनातील पर्यवेक्षक हे देखरेखीचे सर्वांत परिचित चित्र. तीन तास बाकांमधून फिरत राहावयाचे. या कामाला पुष्कळजण चोर पकडण्याचे काम समजतात. परंतु त्या दालनात चाळीस मुले असली तर बहुतेक मुले निमूटपणे आपला पेपर लिहीत असतात. पर्यवेक्षक खरोखर त्यांच्यासाठी उभा असतो. त्यांचा अभ्यास वाया जाऊ नये, त्यांच्या गुणांना किंमत राहावी, कोणाची दौत-लेखणी दगा देऊ लागली, कोणाला घेरी आली, तर हाक मारण्याच्या अंतरावर कोणी मोठे माणूस असावे, म्हणून तो असतो. कॉपी करणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात पडण्याच्या आधी त्याच्या शेजारी दोनदा जाऊन उभे राहिले तर बहुधा कागद खिशातच राहतो. पकडण्यात नाव मिळते, वाचविण्यात मिळत नाही. तरीही शिक्षकाने दुसरेच पत्करावे, असे मला वाटते.

आणि मुलांवरील देखरेखीचा एक नियम रुळांवरील देखरेखीहून वेगळा आहे. रुळांवर गस्त कायमची घालावी लागते. रूळ कधी स्वतःची काळजी घ्यावयास शिकत नाही. मूल शिकते. म्हणून मुलावरची नजर दरवर्षी थोडी मागे सरकली पाहिजे. पहिलीत हात धरावा, पाचवीत पाठीशी उभे राहावे, दहावीत दारापर्यंत यावे. जे आईबाप आज मुलाच्या हातातील दूरध्वनीवरून तो क्षणोक्षणी कोठे आहे हे पाहात असतात, त्यांची काळजी मला समजते. परंतु मूल कोठे आहे हे समजल्याने ते कसे आहे हे समजत नाही. त्यासाठी रात्री जेवताना त्याच्याशी बोलावे लागते.

श्रोतेहो, आपण प्रत्येकजण कोणाच्या तरी देखरेखीखाली असतो आणि कोणावर तरी देखरेख करीत असतो. घरातील म्हाताऱ्या माणसांचे औषध, गिरणीतील पाळी, सोसायटीचा हिशेब, नव्या उमेदवाराचे शिकणे, अशी कितीतरी कामे आपल्या नजरेखाली चाललेली असतात. त्या प्रत्येक वेळी आपण स्वतःला एक प्रश्न विचारून पाहावा. येथे काही बिघडले तर मी कोणाकडे बोट दाखवीन? बोट समोरच्याकडे दाखविण्याची आपली आधीपासून तयारी असेल, तर आपण त्याच्यावर पाळत ठेवून आहोत. त्यातला काही वाटा माझाही, असे म्हणण्याची तयारी असेल, तर आपल्या नजरेची निगा झाली आहे. पावसाळ्याच्या रात्री आपण गाडीत निश्चिंत झोपतो, तेव्हा अंधारात कोणीतरी कंदील घेऊन आपल्या वाटेवरून चालत असतो. त्याने आपल्याला पाहिलेले नसते. त्याने वाट मात्र पाहिलेली असते.